निंबाळकरांचा ‘नाईक’ किताब

बारामती तालुक्यांतील वडगांव निंबाळकर या गांवाच्या नांवांतच एका घराण्याचें आडनांव आहे. तें नीरेपलीकडील फलटणकरांचें. त्यांच्या ‘नाईक’ या वंशपरंपरागत किताबाविषयीं छापील ग्रंथांतून जें वारंवार लिहिलें जातें, तें तपासून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सरकारी गॅझेटिअर सांगतें कीं, पोडखला जगदेव हा मूळपुरुष दिल्लीच्या बादशहाच्या चाकरींत असतां १३२७ सालीं लढाईंत पडला आणि त्याचा पुत्र निंबराज यास नाईक हा किताब व जहागीर मिळाली. साल असंभाव्य नाहीं. महंमद तुघलखानें दौलताबादेस राजधानी नेली ती याच सुमारास. परंतु असंभाव्य नसणें म्हणजे सिद्ध होणें नव्हे. ‘नायक’ हा शब्द ‘नी’ धातूपासून झालेला, शुद्ध संस्कृत. दक्षिणेंत सैन्याच्या पुढाऱ्यास तो लावण्याची चाल मुसलमानी अंमलापूर्वींची. फारसी दप्तराच्या बादशहानें द्यावयास नेमका हाच शब्द निवडला, कीं घराण्यांत होता तोच मान्य केला? आम्हांस दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो. कैफियतकारांस मात्र किताब दिल्लीहून आल्यावांचून समाधान नाहीं!

ग्रांट डफ (१८२६) याहून सावध. मूळ आडनांव पवार, निंबळक गांवावरून निंबाळकर, असें सांगून फलटणच्या सरदेशमुखीस तो विजापूरकरांच्या अस्सल सनदेचा आधार देतो. आणि या घराण्यानें जुनें नाईकपद टाकून ‘राजा’ हें पद घेतलें नाहीं, हेंही नोंदवितो. पुढें इंग्रजी अमदानींत राजा हा किताबही त्यास जोडला गेला, ती गोष्ट निराळी.

इंग्लंडांत उमरावपदावरील वादग्रस्त हक्क उमरावसभेच्या समितीपुढें कागदांनिशीं सिद्ध करावा लागे, आणि पद एकाच वारसाकडे जाई. आमच्याकडे आडनांव सगळ्या भाऊबंदांचें. त्यामुळें शाखेची वंशावळ व गादीची वंशावळ यांची सरमिसळ सहज होते. वडगांवासारख्या ठिकाणचे कागद वाचतांना हा धोका मोठा.

किताबाच्या प्राचीनत्वाचा व्यवहारांत किती उपयोग झाला, तेंही पाहावें. १८२८ मध्यें बनाजी नाईक वारले. सातारा सरकारनें संस्थान जप्त केलें आणि १८४१ मध्यें त्यांच्या विधवेस दत्तकाची परवानगी दिली, ती ३०,००० रुपये नजराणा घेऊन.

ज्यांच्या संग्रहीं या घराण्याचे कागद असतील त्यांनीं अस्सल व नक्कल वेगवेगळी ठेवून, प्रत्येकावरील शिक्का, हिजरी सन आणि ‘नाईक’ हें पद त्यांत कोणाच्या नांवास लागलें आहे, एवढें टिपून मंडळाकडे धाडावें. तें आल्यावर १३२७ चा विचार पुन्हां करूं.