आडवा धक्का कोण सोसणार?

मोठ्या मत्स्यालयासाठी घरच्या घरी स्टँड कसा बनवावा, हे सांगणाऱ्या काही पुस्तिका नुकत्याच चाळल्या. सगळ्यांचा सूर एकच : लाकूड जाड घ्या. १२० × ४५ × ५० सेंटिमीटरच्या टाकीत २७० लिटर, म्हणजे २७० किलो पाणी मावते. काच व वाळू धरून वजन ३५० किलोच्या घरात जाते. आकडा मोठा खरा, पण नुसता उभा भार चार पायांना जड नाही.

धोका आडव्या धक्क्याचा आहे. चार पट्ट्या कोपऱ्यांत एकेका खिळ्याने जोडून चौकट करा आणि बाजूने ढकला. ती लगेच कलते. एक कर्ण ठोकला की हलत नाही. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोन ठरतात, हे आपण आठवीनववीत शिकवतोच! पुस्तिकांतील आकृत्यांत मात्र कर्ण नाही. एकीत मागे प्लायवूड आहे, तेही म्हणे 'शोभेसाठी'.

जाडीचा सल्लाही अर्धवटच. ५ × १० सेंटिमीटरची तुळई आडवी न टाकता कडेवर उभी ठेवली, तर तिचे वाकणे चौथाईवर येते. ताठरपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जास्तीचे लाकूड लागत नाही.

टाकीखाली थर्मोकोल घालण्याची सूचना तेवढी रास्त आहे. फळीवर राहिलेला एखादा खडाही काचेला तडा देऊ शकतो.

वर्गात मुले टाकीला रेलूनच मासे पाहणार. तेथे या आकृत्या जशाच्या तशा वापरू नयेत. पाणी भरण्याआधी रिकामा स्टँड लांबीच्या दिशेने ढकलून पाहावा.