मिनार्स्कीचें वीरमरण : साधनांची छाननी

दुसऱ्या महायुद्धांत बाँबर विमानांतून मारल्या गेलेल्या तरुणांचीं स्मरणें लिहितांना प्रमाण कोणतें व अनुमान कोणतें, हा विवेक पुष्कळदां सुटतो. कॅनडांतील विनिपेगचा सत्तावीस वर्षांचा गोलंदाज अँड्रयू मिनार्स्की याची कथा या दृष्टीनें तपासणें आम्हांस अवश्य वाटतें. तिचें मुख्य साधन म्हणजे त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देतांना ऑक्टोबर १९४६ मध्यें प्रसिद्ध झालेलें सरकारी प्रशस्तिपत्र होय.

प्रथम तिथीविषयीं. प्रशस्तिपत्रांत १२ जून १९४४ ची रात्र दिली आहे. मृत्यूची नोंद १३ जूनची आहे. यांत विरोध नाहीं. फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वेच्या यार्डावर निघालेल्या लँकॅस्टर विमानास शत्रूनें गांठलें तें मध्यरात्र उलटल्यावर.

डावीकडील दोन्ही इंजिनें बंद पडून आग लागली व कप्तानानें उड्या टाकण्याचा हुकूम दिला. मिनार्स्की बाहेर पडणार तोंच शेपटाकडील बुरुजांत अडकलेला पॅट ब्रॉफी त्यास दिसला. ज्वाळांतून जाऊन त्यानें बुरूज मोकळा करण्याची पराकाष्ठा केली. त्याचे कपडे पेटले. ब्रॉफीनें परत जाण्यास खुणावलें, तेव्हां तो नाइलाजानें मागें आला, ब्रॉफीकडे वळून त्यानें सलाम केला व उडी टाकली. भाजल्यामुळें त्यास मृत्यु आला. त्याची कबर मेआरिकूर येथें आहे.

या हकीकतीचे थर वेगळे केले पाहिजेत. विमानांतील शेवटच्या प्रसंगाचा साक्षी एकटा ब्रॉफी. विमान जमिनीवर आदळलें असतां तो आश्चर्यकारकरीत्या वांचला. दुसरी साक्ष पेटलेल्या पॅरॅशूटासह उतरणारा मनुष्य पाहणाऱ्या फ्रेंच लोकांची. ती स्वतंत्र आहे आणि आगीस दुजोरा देते. सलामास देऊं शकत नाहीं. मरण जवळजवळ निश्चित असल्याची मिनार्स्कीला पूर्ण जाणीव असलीच पाहिजे, हें विधान मात्र साक्षीचें नव्हे, प्रशस्तिकाराच्या तर्काचें आहे. तर्क बलवान खरा, तरी तो तर्कच.

उडीपूर्वीं त्यानें 'गुड नाइट, सर' असे शब्द उच्चारल्याचें सर्वत्र सांगतात. प्रशस्तिपत्रांत ते नाहींत. ते ब्रॉफीच्या आठवणींतले आहेत. त्या कल्लोळांत ब्रॉफीस ते ऐकूं आले नव्हते. रात्रीं निरोप घेतांना मिनार्स्की नेहमीं तसें म्हणे, म्हणून त्यानें ते ओळखले. बखरकार वीराच्या मुखीं वाक्यें घालतो तसा हा प्रकार नव्हे. पण ओळखलेले शब्द ऐकलेले म्हणून लिहिणें हा दोषच. कॅनडांतील हॅमिल्टनच्या संग्रहालयाचें विमानही असेंच. १९८८ मध्यें पुनः उडूं लागलेल्या या लँकॅस्टरवर मिनार्स्कीच्या विमानाचीं अक्षरें रंगविलीं आहेत. परंतु तें त्याचें विमान नव्हे. स्मारक म्हणून तें योग्य, साधन म्हणून निरुपयोगी.

इतकी काटछाट करूनही मुख्य कृत्य अबाधित राहतें, कारण तें सांगणारा उरला. ब्रिटिश बाँबर दलांतील सुमारें १,२५,००० उड्डाणसैनिकांपैकीं ५५,५७३ मेले. कित्येक विमानांतून एकही मनुष्य परतला नाहीं. तेथें कोणी कोणासाठीं ज्वाळांतून मागें फिरला असेल, तर त्यास ना साक्षी, ना प्रशस्ति. इंग्लंडांतील रनीमीडच्या १९५३ च्या स्मारकावर कबर न सांपडलेल्या वीस हजारांहून अधिक वायुसैनिकांचीं नुसतीं नांवें आहेत. त्यांजविषयीं शौर्याच्या कथा रचण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण पुरावा नाहीं म्हणून तें शौर्य घडलेंच नाहीं, असें म्हणण्याचाही नाहीं.

मिनार्स्कीला ब्रॉफीची सुटका करतां आली नाहीं. मिनार्स्कीची स्मृति मात्र ब्रॉफीनें वांचविली. तिची किंमत जाणणाऱ्यांनीं ती पुढें सांगतांना त्या साक्षींत आपल्या पदरची भर घालूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.