महाराष्ट्रांतील समाजवादी पक्ष : ऱ्हासाची मिती व साधनें

समाजवादी पक्षाच्या ऱ्हासाविषयीं जें लिहिलें जातें, तें बहुतांशीं पुढाऱ्यांच्या आठवणींवर उभें आहे. एस्. एम्. जोशी यांचें 'मी एस्. एम्.' हें त्यांत अग्रगण्य होय. परंतु आत्मचरित्र कितीही प्रांजळ असलें, तरी तें बखरीच्याच जातीचें साधन. अशा साधनांवर विसंबल्यामुळें आपसांतील फुटीनें पक्ष बुडाला, असा समज रूढ झाला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

मित्या पाहाव्या. नाशिकच्या तुरुंगांत एकत्र आलेल्या तरुणांच्या विचारांतून १९३४ सालीं काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. १९४८ च्या मार्चांत नाशिक येथेंच तो काँग्रेसबाहेर पडला. १९५२ च्या निवडणुकींत लोकसभेच्या १२ जागा मिळाल्या. त्याच वर्षीं आचार्य कृपलानींच्या पक्षाशीं मिळून प्रजा समाजवादी पक्ष झाला. १९५५ अखेर लोहियांनीं वेगळी चूल मांडली. आतां फुटीनेंच घात केला म्हणावें, तर १९५७ त याच पक्षास १९ जागा कशा मिळाल्या ?

आमच्या मतें महाराष्ट्रापुरता उतार १९६० नंतरचा आहे. १९५७ चें बळ संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचें होतें. मागणी फळास आली आणि मतें परतलीं. द्वैभाषिकाच्या विधानसभेंत पक्षाचे ३६ सभासद होते, १९६२ त महाराष्ट्रांत ९ उरले. पहिल्या आंकड्यांत गुजरातही आहे खरा, पण तेवढ्यानें हा उतार झांकत नाहीं. १९६७ त जॉर्ज फर्नांडिसांनीं मुंबईंत स. का. पाटलांस पाडलें, राजापुरांत नाथ पै पुन्हां निवडून आले. हे विजय व्यक्तींचे. १९७७ चा जनता पक्षांतील विलय हा केवळ उत्तरविधि.

हें मत पारखण्यास शाखांचीं दप्तरें हवींत : सभासद-नोंदी, वर्गणीच्या पावत्या, इतिवृत्तें, हस्तपत्रकें. १९५७ चा वर्गणीदार १९६२ त राहिला कीं गेला, हें पावतीपुस्तकच सांगेल. नाहूर, भांडुप, मुलुंड या कामगारवस्तीच्या पट्ट्यांत जुन्या चाळी पाडून मनोरे उठत आहेत, आणि माळ्यावरचे कागद रद्दींत जात आहेत. संग्राहकही मोडी रुमालास जपतात, छापील पावतीस नाहीं ! जे जपतात, ते शिक्क्यावरील नांव पाहून 'प्रजा', 'संयुक्त' असे निरनिराळे गठ्ठे बांधतात; त्यामुळें एकाच शाखेचें दप्तर विखुरतें. गठ्ठा शाखेच्या ठिकाणावरून बांधावा आणि शिक्का व साल पाठीवर टिपून ठेवावें.