आवड, निवड आणि यादी : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या निमित्ताने

आवडत्या गाण्यांची किंवा चित्रपटांची यादी करणे ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने क्षुल्लक समजली जाते. अशा यादीत कारणमीमांसा नसते, विश्लेषण नसते. 'मला आवडते' एवढेच विधान पुनःपुन्हा केलेले असते. तो रसिकाचा खाजगी विरंगुळा मानून समीक्षक त्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु पाठ्यपुस्तकातील वेचे, महोत्सवांचे कार्यक्रम, वाङ्मयेतिहासातील प्रकरणे यांच्या मुळाशीही कोणाची तरी यादीच असते. वैयक्तिक यादी कोणत्या अटींवर सार्वजनिक मूल्य बनते, हा प्रश्न म्हणूनच समीक्षेला टाळता येत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या सांस्कृतिक इतिहासात यादीची काही लक्षणीय रूपे आढळतात. त्यांच्या आधारे या प्रश्नाची चर्चा येथे करावयाची आहे.

प्रथम संकल्पनेचा विचार करू. कांटने 'सुखद' आणि 'सुंदर' यांत भेद केला. सुखदाविषयीचे विधान बोलणाऱ्यापुरते असते. सौंदर्यविधान मात्र सर्वांच्या संमतीची अपेक्षा धरते. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) हा विचार मराठी अभ्यासकांच्या चांगला परिचयाचा आहे. आवडीच्या यादीचे वैशिष्ट्य असे, की ती या दोहोंच्या सीमेवर उभी असते. 'माझी' या शब्दाच्या आडोशाने ती पहिल्या प्रकारची सूट घेते, आणि प्रसिद्ध होताच दुसऱ्या प्रकारची संमती मागू लागते. मराठीत 'आवडनिवड' हा जोडशब्द हेच द्वैत सांगतो. आवड होते, निवड करावी लागते. शिवाय 'निवडणे' आणि 'वेचणे' यांतही अंतर आहे. तांदूळ निवडताना लक्ष खड्यांवर असते. फुले वेचताना फुलांवर असते. निवडताना काय टाकून द्यायचे ते ठरवावे लागते, वेचताना काय जवळ घ्यायचे ते. आपण वेचतो आहोत अशी यादी करणाऱ्याची समजूत असते. प्रत्यक्षात तो बहुधा निवडत असतो.

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. त्यात केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा यांची आकड्यांसह गणना आहे. ती अर्थातच आवडीची यादी नव्हे. मात्र यादीचे एक मूलभूत कार्य तिथे स्पष्ट दिसते. वस्तूंची गणना करता करता ती गणना करणाऱ्याचे स्थान जाहीर करते. परंपरेने सातवाहन राजा हाल याच्या नावे असलेली 'गाथासप्तशती' याच्या पुढची पायरी आहे. कोटी गाथांमधून सातशे घेतल्याचा दावा तिच्या आरंभीच केलेला आहे. हा दावा अतिशयोक्त असेल. पण राजाने स्वतःच्या कर्तृत्वापेक्षा स्वतःच्या पसंतीने ओळखले जावे, हे महत्त्वाचे आहे. ही पसंतीही स्थिर राहिली नाही. निरनिराळ्या पाठपरंपरांत सर्वत्र समान असलेल्या गाथा सुमारे ४३०च भरतात. म्हणजे पुढच्या प्रत्येक पिढीने हालाच्या नावाखाली आपली यादी घातली.

आधुनिक काळात या परिसराची ओळख नारायणगावच्या तमाशाफडांनी घडवली. यात्रांच्या हंगामापूर्वी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे कारभारी येऊन यात्रेसाठी फड ठरवतात. ही सुपारी म्हणजे एका अर्थाने गावाची यादीच होय. पैसा, प्रतिष्ठा आणि गेल्या वर्षीची आठवण यांच्या ताणातून ती सिद्ध होते. प्रयोग सुरू झाल्यावर दुसरी यादी सुरू होते, ती फर्माइशींची. १९५९च्या 'सांगत्ये ऐका'पासून १९७२च्या 'पिंजरा'पर्यंतच्या तमाशापटांनी लावणी पडद्यावर नेली. फडांनी चित्रपटगीते रंगमंचावर आणली. गण, गवळण आणि वग यांच्यामधल्या जागेत प्रेक्षकाची पसंती शिरली. संगीत बारीत रूढ असलेली दौलतजादाची प्रथा फडाच्या तमाशातही उतरली. तिच्यात आवड सांगायला किंमत मोजावी लागते, आणि ती सर्वांदेखत सांगावी लागते.

याची तुलना सुशिक्षिताच्या लेखी यादीशी करून पाहावी. यात्रेत ऐकलेली लावणी त्याच्या ओठांवर असते. यादीत मात्र ख्याल, भावगीत आणि 'पथेर पांचाली' येतात. अभिरुची वर्गीय स्थानाची खूण म्हणून वापरली जाते, हे बोर्द्यूचे प्रतिपादन अशा वेळी सहज पटते. फर्माइशीत ही लपवाछपवी अवघड असते. तथापि तिच्या मोकळेपणाचे उदात्तीकरण करू नये. पैसे देणाऱ्याचे नाव पुकारले जाते. गाणारीला काय गावेसे वाटते, हे विचारण्याची त्या व्यवस्थेत सोय नाही. विठाबाई नारायणगावकरांच्या (मृत्यू २००२) नावाने राज्य शासन आज जीवनगौरव पुरस्कार देते. कलावतीचे नाव असे सन्मानाच्या यादीत गेले, तरी तिची स्वतःची पसंती हा अभ्यासाचा विषय क्वचितच होतो.

नावाचे हे महत्त्व आकाशवाणीवरही दिसते. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताच्या आग्रहापोटी त्यांच्या धोरणाने चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. ही शासनाची निवड होती, आणि लक्ष खड्यांवर होते. श्रोते रेडिओ सिलोनच्या १९५२मध्येच सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'कडे वळले. अखेर १९५७मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. 'आपली आवड'सारख्या कार्यक्रमांत गाण्याआधी श्रोत्यांची नावे वाचली जात. एखाद्या लहान गावाचे नाव सर्वांना ऐकू जावे, यासाठी गाणे हे जणू निमित्त होते. पत्राला टपालाचा खर्च तेवढा लागे. दौलतजादा करू न शकणाऱ्यालाही नाव मिळाले.

१९५२ याच वर्षी 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने सर्वश्रेष्ठ चित्रपटांसाठी पहिली मतचाचणी घेतली. दर दहा वर्षांनी होणाऱ्या या चाचणीत प्रत्येकाने दहा चित्रपट द्यायचे असतात. २०१२मध्ये ८४६ जणांनी भाग घेतला. २०२२मध्ये १,६३९ जणांनी. त्या वर्षी शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा १९७५चा 'जान दिलमान' प्रथमच अग्रस्थानी आला. चित्रपट तोच होता. पसंती विचारल्या जाणाऱ्यांचे वर्तुळ बदलले होते. ज्यांना हा निर्णय मान्य झाला नाही त्यांनी मतदारांवर आक्षेप घेतला. पण त्याच न्यायाने पूर्वीच्या निर्णयांनाही मतदार होते, हे विसरता येत नाही. क्रम हा कलाकृतीचा गुण नसून एका समूहाच्या बेरजेचे फलित आहे, हे अशा वेळी उघडे पडते.

याचा अर्थ सर्व आवडी सारख्याच मोलाच्या, असा नाही. आवडीला कारणे देता येतात, ती तपासता येतात, बदलताही येतात. समीक्षेचे प्रयोजन तेच आहे. मात्र कारणे तपासण्यापूर्वी यादी संहितेसारखी वाचली पाहिजे. पसंती कोणाला विचारली गेली, कोणी किंमत मोजली, कोणाचे नाव पुकारले गेले आणि कोणते खडे म्हणून बाजूला काढले गेले, हे तिच्यात शोधले पाहिजे. जुन्नर किंवा मंचरच्या विद्यार्थ्याने आपली दहा गाण्यांची यादी केली, तर प्रत्येक गाणे प्रथम कोठे आणि कोणाच्या सोबतीने ऐकले हेही शेजारी लिहावे. यात्रेतली लावणी त्या यादीत का आली नाही, हे त्याला स्वतःलाच लिहावे लागेल. तिथून पुढे त्याची यादी समीक्षेचा विषय होऊ शकते.