एका क्लिपचं परीक्षण

मे २०२५ मधली ती क्लिप तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर होमलँड सिक्युरिटी खात्याच्या तेव्हाच्या मंत्री क्रिस्टी नोएम बसल्यात. सिनेटर मॅगी हसन विचारतात, हेबियस कॉर्पस म्हणजे काय? नोएम सांगतात, लोकांना देशाबाहेर काढण्याचा राष्ट्राध्यक्षांचा घटनात्मक अधिकार. मी हसलो आणि कॉलेजच्या ग्रुपवर क्लिप टाकली. सगळे हसले. फक्त जर्सीत एच-वन-बीवर असलेल्या मित्रानं इमोजी टाकला नाही. 'तुमचं बरंय रे,' एवढंच लिहिलं.

म्हणून रात्री पुढचा भागही पाहिला. कुणाला कोठडीत टाकलं तर 'का टाकलंत ते कोर्टात येऊन सांगा' असं सरकारला विचारण्याची ही सोय. हसन यांनी ते समजावल्यावर नोएम म्हणाल्या की माझा हेबियस कॉर्पसला पाठिंबाच आहे, पण तो स्थगित करायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे. माझ्याकडच्या क्लिपमध्ये हे नव्हतंच. अमेरिकी घटनेत बंड किंवा आक्रमणाच्या वेळी, सार्वजनिक सुरक्षेला गरज असेल तरच ही सोय थांबवता येते. ती तरतूद आहे पहिल्या कलमात, म्हणजे काँग्रेसबद्दलच्या कलमात.

व्याख्या चुकणं मी समजू शकतो. नागरिकशास्त्र मीही परीक्षेच्या आदल्या रात्रीच वाचलंय. पण ही चूक कुठल्या बाजूला झुकते ते बघा. नागरिकानं सरकारला विचारायचा प्रश्न उलटून सरकारचा अधिकार झाला. आमच्याकडे परमिशनचा असा बग सापडला, की ज्याला अडवायचं त्यालाच सिस्टिम आत सोडतेय, तर त्याला कुणी टायपो म्हणत नाही.

या प्रकारातली मला जास्त आवडणारी क्लिप डिसेंबर २०१७ ची आहे. फेडरल न्यायाधीशपदासाठी नाव आलेले मॅथ्यू पीटरसन यांना सिनेटर जॉन केनेडी साध्या कोर्टकामातले प्रश्न विचारत जातात. पीटरसन ओशाळतात, पण थापा मारत नाहीत. काही दिवसांत त्यांनी नाव मागे घेतलं. विचारणारा सिनेटर राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचा होता, हे मला त्या फजितीहून महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे तर मंत्र्याला शपथेआधी असं कुणी विचारतच नाही.

अर्थात, विचारून तरी काय? १९७६ मध्ये एडीएम जबलपूर खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवलं, की आणीबाणीत अटक झालेल्याला हेबियस कॉर्पससाठी कोर्टात जाता येणार नाही. त्या चौघांत आपले यशवंत चंद्रचूडही होते. व्याख्या त्यांना झोपेतही सांगता आली असती. विरोधात एकटे एच. आर. खन्ना. पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं. हा निकाल स्पष्टपणे चुकीचा ठरवायला २०१७ उजाडलं, आणि ते लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचा मुलगा होता.

पुढच्या भागाची लिंक मी मित्राला पाठवली. त्यानं तो आधीच पाहिला होता.