रेषेबाहेर गेलेला चेंडू

सकाळी गाडीतून उतरलो आणि स्टेशनबाहेर कचोरी खात उभा होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, आज कशावर बोलणार? म्हटलं, फुटबॉलच्या रेफ्रींवर. ते म्हणाले, "शेगावात?" (हशा) त्यांचा प्रश्न रास्त आहे. तेव्हा सुरुवात कुस्तीपासून करू, ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

२ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीत गादी विभागाची अंतिम लढत, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी मोहोळला विजयी ठरवलं. राक्षेचं म्हणणं, माझी पाठ पूर्ण टेकलीच नव्हती. वाद वाढला, पंचाला लाथ बसली. त्यानंतर किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर चिडून आखाड्यातून निघून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पुढे आठवडाभर तुम्ही-आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. खांदा टेकला, नाही टेकला. लाथ मारायला नको होती यावर एकमत झालं आणि विषय संपला. पण निर्णय तपासायची पद्धत काय होती? तो कुणी, कसा समजावून सांगितला? हे फार थोड्यांनी विचारलं. माझं आजचं भांडण नेमकं इथे आहे.

आता दोहाला जाऊ. ११ जून २०२४, विश्वचषक पात्रता फेरी, भारत विरुद्ध कतार. पाच दिवसांपूर्वीच कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी करून सुनील छेत्रीने निरोप घेतला होता. दोहात ३७व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल केला. हा तेव्हा आपल्या मुंबई सिटीचा खेळाडू. भारत १-० ने पुढे. असंच राहिलं असतं तर भारताचे ८ गुण झाले असते आणि आपण पहिल्यांदाच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत गेलो असतो. ७३व्या मिनिटाला कतारचा एक हेडर गुरप्रीतसिंग संधूने अडवला. चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गोलपोस्टच्या बाहेरच्या बाजूने रेषेपलीकडे गेला. संपूर्ण चेंडू, संपूर्ण रेषेच्या पलीकडे. नियमाची भाषा तीच आहे, त्यात अर्थ लावायला जागा नाही. आपले खेळाडू थांबले. कतारच्या खेळाडूने पायाने चेंडू मागे ओढला, यूसुफ आयमेनने तो जाळ्यात ढकलला आणि रेफ्रीने गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा रेफ्री, नव्हता. ८५व्या मिनिटाला दुसरा गोल झाला. २-१, खेळ खलास. आपल्या महासंघाने तक्रार केली. निकाल तोच राहिला.

हा निर्णय चूकच होता, त्याला दुसरी बाजू नाही. पण समीक्षा करायची तर आपल्या बाजूचीही करावी लागते. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून आपण २-१ ने हरलो होतो, त्याआधी त्यांच्याशीच गोलशून्य बरोबरी केली होती. त्या दोन सामन्यांत आपण किती गुण सोडले ते बोटांवर मोजा. दोहातल्या रेफ्रीने आपला एक गोल चोरला म्हणा, पण त्या एका गोलावर सगळं टांगून ठेवायची वेळ आपणच आणली होती. आपल्याकडे ही सवय फार. पोरगा नापास झाला की पेपर तपासणारा वाईट.

चूक एकाच प्रकारची नसते, हेही लक्षात घ्या. रेषेबाहेर गेलेला चेंडू ही नजरेची चूक, ती कॅमेरा पकडतो. दुसरा प्रकार कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचा. २० डिसेंबर २०२३ ला अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी आणि मोहन बागान यांचा आयएसएलचा सामना झाला. मुंबई २-१ ने जिंकली, पण सात लाल कार्डं निघाली. चार मुंबईला, तीन मोहन बागानला. तो सामना पुन्हा बघताना मला वाटलं, प्रश्न प्रत्येक कार्ड बरोबर होतं का, हा नाहीच. १३व्या मिनिटाला आकाश मिश्राला बाहेर काढल्यावर सामन्याचं तापमान चढलं आणि ते उतरवायचं रेफ्रीला जमलं नाही. मैदान सांभाळणं ही वेगळी विद्या आहे. खेळाडूच्या खांद्यावर हात ठेवून, 'बाबा, आता पुरे' असं सांगता येणं, कर्णधाराला वेळेवर बाजूला घेणं. हे नियमपुस्तकात मिळत नाही. त्यासाठी शेकडो सामने मारावे लागतात आणि चुकलं तर सांगणारा कुणी वडीलधारा लागतो.

आणि आपल्याकडे रेफ्री घडतो कसा? वर्षानुवर्षं आपले बहुतेक रेफ्री नोकरी सांभाळून शिट्टी मारत आले. कोट्यवधींच्या खेळाडूंमागे धावणारा माणूस सोमवारी ऑफिसात मस्टरवर सही करायचा. परदेशी प्रशिक्षक पत्रकार परिषदेत त्याला झोडपतो. काही वेळा ते झोडपणं योग्यही असतं. पण ३ मार्च २०२३ ला बंगळुरूत काय झालं आठवा. जादा वेळेत रेफ्रीने छेत्रीची झटपट फ्री किक ग्राह्य धरली, गोल झाला आणि केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. पुढे क्लबला चार कोटींचा दंड, प्रशिक्षकाला दहा सामन्यांची बंदी. झटपट फ्री किक नियमात बसते. ती द्यायची की आधी शिट्टीची वाट पाहायला लावायची, हा रेफ्रीचा निर्णय. आता हा निर्णय घेताना त्याने काय पाहिलं, खेळाडूंना काय सांगितलं, हे प्रेक्षकांना त्याच्याच तोंडून ऐकायला मिळालं असतं तर? दंडाचा आकडा आपल्याला पाठ आहे, पण नियमाचा मुद्दा तेव्हाही धूसर होता, आजही आहे.

'व्हीएआर आणा, प्रश्न मिटेल' असं म्हणणाऱ्यांना मी लिव्हरपूलचं उदाहरण देतो. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमविरुद्ध लुईस डियाझचा गोल. मैदानावर ऑफसाइड दिला. व्हीएआरच्या खोलीत तपासलं, गोल चोख होता. पण खोलीतल्या माणसाला वाटलं, मैदानावर गोलच दिलाय! म्हणून त्याने 'तपासणी पूर्ण' असं कळवलं आणि खेळ पुढे सुरू झाला. कॅमेरे होते, पडदे होते, पैसा तर विचारू नका. तरीही घोटाळा झाला. मात्र तिथल्या रेफ्री संघटनेने चूक कबूल केली आणि काही दिवसांत खोलीतलं संभाषण लोकांना ऐकवलं. ते ऐकताना अंगावर काटा येतो, कारण चूक कळल्यावर त्या माणसांची झालेली तारांबळ ऐकू येते. शिव्या पडल्याच. पण 'विकला गेला' असं म्हणणाऱ्यांच्या हातातलं हत्यार बरंच बोथट झालं.

रेफ्रीच्या मदतीची एक फार जुनी वस्तू कोणती, ठाऊक आहे? गोलची जाळी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिव्हरपूलच्या एका इंजिनियरने ती काढली. जॉन ब्रोडी त्याचं नाव. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर भांडणं व्हायची म्हणून. आपल्याकडच्या किती शाळांच्या मैदानांवर आज जाळी आहे?

हे मी अनुभवाने विचारतो. काही वर्षं मी शालेय सामन्यांना शिट्टी मारली आहे. एका सामन्यात ना जाळी होती, ना रेषेवरचे सहाय्यक. चुन्याच्या रेषा अर्ध्या पुसलेल्या. शेवटच्या मिनिटाला चेंडू खांबाला घासून गेला, एका बाजूचे पोरं नाचायला लागले आणि मी गोल दिला. रात्री एका पालकाच्या मोबाइलमध्ये पाहिलं, चेंडू हातभर बाहेरून गेला होता. झोप लागली नाही. निकाल बदलता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी हरलेल्या मुलांच्या शाळेत गेलो, मधल्या सुट्टीत त्यांना गोळा केलं आणि सांगितलं, काल माझं चुकलं, मी उभा होतो तिथून मला खांबाची बाहेरची बाजू दिसतच नव्हती.

त्यांचा कर्णधार, आठवीतला पोरगा, डबा खात होता. म्हणाला, "सर, आम्हाला कालच माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे का, तेवढं कळत नव्हतं."