खर्जात लावलेली हजेरी

‘यू वॉन्ट इट डार्कर’ हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. त्या इवल्याशा स्पीकरला खालचे स्वर झेपत नाहीत, आणि या नऊ गाण्यांचा सगळा जीव खालीच आहे. बरेसे हेडफोन लावा. आधी पुरुषांचा समूहस्वर येतो, मागोमाग बास गिटारचा दबक्या पावलांचा ठेका, आणि मग कुणी म्हातारा अगदी कानाशी येऊन बोलू लागतो. गातो म्हणायला जीभ धजत नाही. दोन कडवी गेली की ध्यानात येतं, हा शब्दन् शब्द सुरात ठेवलेला आहे.

हा लेनर्ड कोहेन. मूळचा माँट्रियलचा, आधी कवी, मग गाणी लिहून स्वतःच गाणारा. वय ८२. अल्बम बाजारात आला २१ ऑक्टोबर २०१६ रोजी. ७ नोव्हेंबरला तो गेला. मधे फक्त सतरा दिवस.

मणक्यांची हाडं खचल्यामुळे त्याला धड उठता-बसता येत नव्हतं, शिवाय रक्ताचा कर्करोग होता. कर्करोगाबद्दल त्यानं बाहेर कुठे वाच्यता केली नव्हती. स्टुडिओत जाणं शक्यच नव्हतं, तेव्हा त्याचा मुलगा अ‍ॅडम यानं लॉस एंजेलिसच्या घरातल्या दिवाणखान्यातच मायक्रोफोन मांडला आणि रुग्णांसाठीच्या खास खुर्चीत वडिलांना बसवून आवाज टिपला. वादकांचे तुकडे इमेलवरून येत-जात होते. ऐकताना ही माहिती बाजूला ठेवता आली तर ठेवावी, पण ती ठेवता येत नाही, कारण दिवाणखाना या आवाजात मुरला आहे. मोठ्या दालनाची घुमारेदार आस इथे नाही. ओठ उघडल्याचा बारीक आवाज आहे, वाक्याच्या शेवटी श्वासाची खरखर आहे. दुसऱ्या कुणी ती पुसून काढली असती. अ‍ॅडमनं ती राहू दिली, हा त्याचा कान.

१९६७ सालचा कोहेनचा पहिला अल्बम ऐकला तर आवाज किती खाली उतरला ते कळतं. तेव्हा तो तरुण, किंचित नाकातला, सुरांवरून घसरत जाणारा होता. वय आणि सिगरेटी यांनी त्याला वर्षागणिक एकेक पायरी खाली नेलं, आणि आता तो पार खर्जात येऊन बसला आहे. गळ्याला मोजकेच स्वर उरले आहेत. गळा आटला की बहुतेक गायक जुन्या जागा घ्यायची धडपड करतात आणि ऐकणाऱ्याचा जीव वरखाली होतो. कोहेन ज्या जागा नाहीत तिकडे फिरकतच नाही. तो शब्द ठेक्यावर नेमका न आदळता किंचित मागे ठेवतो, एखाद्यानं चहाचा कप आवाज न करता टेबलावर ठेवावा तसा. त्या केसभर उशिरात सगळी गायकी आहे. वरचे स्वर तो इतरांकडून गाऊन घेतो. आपल्या कीर्तनात बुवांचा आवाज बसला की झीलकरी पालुपद उचलून धरतात, तसं इथे समूहगान त्याला उचलून धरतं.

आणि तो समूह साधा नाही. माँट्रियलच्या शार हशोमायिम या ज्यू प्रार्थनास्थळाचा तो गायकवृंद आहे. कोहेनचे पणजोबा आणि आजोबा याच सभेचे अध्यक्ष होते. लहानपणी जे सूर कानांवर पडले, ते त्यानं हयातीतल्या शेवटच्या अल्बमसाठी मागवून घेतले. शीर्षकगीताची भाषा म्हणजे देवाशी मांडलेलं भांडण. पत्ते वाटणारा तूच असशील तर मी या डावातून उठतो, असा रोख. नामदेवाचं विठ्ठलाशी भांडण कानांत असलेल्या मराठी माणसाला हे परकं वाटू नये. मात्र एक बारकावा सहज निसटतो. भांडता भांडता तो ज्यूंच्या ‘कद्दिश’ या प्रार्थनेतल्या आरंभीच्या दोन शब्दांचं इंग्रजी रूप मधेच आणून ठेवतो. ही प्रार्थना मृतांसाठी म्हणतात, पण तिच्यात मरणाचा उल्लेखही नसतो, नुसती ईश्वराची थोरवी असते. तक्रारीच्या ऐन भरात ही थोरवी येते, आणि ती भक्तीनं आली की उपरोधानं, हे तो कळू देत नाही. दोन्ही अर्थ त्यानं शेवटपर्यंत तोलून धरले आहेत.

मग येतो तो हिब्रू शब्द, ‘हिनेनी’. अर्थ, ‘हा मी इथे आहे’. शाळेत हजेरी घेताना आपण ‘हजर’ म्हणायचो, त्या शब्दाच्या जवळचा, फक्त फार जड. देवानं अब्राहामाला हाक मारली, पोटच्या मुलाचा, इसहाकाचा बळी मागितला, तेव्हा अब्राहामानं दिलेली ही ओ. आता थोडं मागे जाऊ. १९६९ मध्ये कोहेननं ‘स्टोरी ऑफ आयझॅक’ हे गाणं केलं होतं. तिथे गोष्ट सांगतो तो मुलगा. नऊ वर्षांचा इसहाक, बापामागून डोंगर चढणारा. सत्तेचाळीस वर्षांनी तोच कवी त्याच गोष्टीकडे परत येतो, पण या खेपेला ओ देणारा तो स्वतः आहे. गोष्ट तीच आणि बोलणारा बदललेला. हे तो कुठे समजावून सांगत नाही, ज्याला दोन्ही गाणी ठाऊक आहेत त्याच्या अंगावर काटा येतो एवढंच. गाण्याच्या शेवटी कोहेन गप्प होतो आणि त्या प्रार्थनास्थळाचे मुख्य गायक गिडियन झेलरमायर तोच एक शब्द मोकळ्या, आळवलेल्या आलापीत घेतात. खर्जातून अचानक तारसप्तकाकडे उघडलेली ती खिडकी ऐकताना मी तरी हातातलं काम खाली ठेवतो.

‘लीव्हिंग द टेबल’ हे संथ, तीन मात्रांवर डुलणारं गाणं. पहिल्या गाण्यातलं जुगाराचं टेबल इथे पुन्हा आलं आहे आणि माणूस त्यावरून उठला आहे. कडवटपणा शून्य. मधला गिटारचा तुकडा जुन्या नाचघरातल्या बँडसारखा, दिवे विझवायची वेळ झाल्यासारखा वाजतो. मरणाच्या गाण्यात करमणुकीच्या संगीताची लय वापरणं ही कोहेनची जुनी खोड. रडू यायच्या जागी तो पाय हलवायला लावतो.

‘इफ आय डिडन्ट हॅव युअर लव्ह’ मला तितकंसं भिडत नाही. उपमांची रांग लांबली आहे आणि शेवट आधीच कळतो. उलट ‘ट्रॅव्हलिंग लाइट’मध्ये तंतुवाद्यांचा ग्रीक खणखणाट सुरू होताच १९६० साली त्यानं हायड्रा बेटावर घेतलेलं घर डोळ्यांपुढे येतं. तिथेच त्याला त्याची प्रेयसी मारियान भेटली होती. तीही २०१६च्या जुलैत गेली. ती अंथरुणावर आहे हे कळल्यावर त्यानं तिला लिहिलं होतं, की मीही तुझ्या अगदी पाठोपाठच आहे. गाण्यात तिचं नाव नाही. बेटाचा नुसता आवाज आहे, आणि तो पुरतो.

इथे जरा मुंबईकडे वाट वाकडी करतो. कॅलिफोर्नियात माउंट बाल्डीवरच्या झेन मठात काही वर्षं राहून, भिक्षू होऊनही कोहेनचं जुनं नैराश्य हटलं नव्हतं. १९९९ मध्ये तो मठ सोडून मुंबईत आला आणि दक्षिण मुंबईतल्या रमेश बाळसेकरांच्या घरी सकाळच्या बैठकींना बसू लागला. बाळसेकर बँक ऑफ इंडियातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर ते खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं परदेशी मंडळींना इंग्रजीत करून सांगत. महाराजांचा विडीचा धंदा, बोलणं गिरगावच्या रोखठोक मराठीतलं. तेही १९८१ साली घशाच्या कर्करोगानं गेले, आणि आजारपणाच्या अखेरच्या महिन्यांतही आलेल्याशी बोलत राहिले. बाळसेकरांच्या शिकवणीचा गाभा एवढाच, की गोष्टी घडतात, त्यांना वेगळा कर्ता नाही. त्या सुमारास कोहेनची मरगळ सरली. का सरली, हे त्यालाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. ‘हिनेनी’त खेतवाडी शोधणं हा आपला लाडिक अभिमान होईल. तरी ‘ट्रीटी’ ऐकताना मला ते आठवतं. या गाण्यात देव आणि प्रेयसी एकच आहेत की वेगवेगळे, हे ठरवता येत नाही. दोघांत तह व्हावा एवढीच इच्छा आहे, पण तो कुणी करायचा हे मोघमच ठेवलं आहे.

२०१६च्या ऑक्टोबरमध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आलेल्या मुलाखतीत त्यानं आपण मरायला तयार असल्याचं सांगितलं. नंतर अल्बमच्या कार्यक्रमात त्याला त्याबद्दल छेडलं, तेव्हा ‘जरा नाटकीच बोललो, माझा तर कायम जगायचा बेत आहे’ अशा अर्थाचं हसत सांगून मोकळा झाला. अल्बमच्या शीर्षकगीताला २०१८ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही रॉक गायनासाठीचं. त्याला ऐकून हसू आलं असतं.

अल्बमचं नववं पान म्हणजे ‘ट्रीटी’चीच चाल, या वेळी तंतुवाद्यांवर. व्हायोलिनं ती सावकाश उलगडतात, चेलो खालून आधार देतो. चाल ओळखीची असल्यानं शब्द आपल्याच मनात येऊ लागतात. जिथे आवाज यायला हवा तिथे तो येत नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. आता गाणं असंच संपणार असं वाटून आपण हात हेडफोनकडे नेतो, आणि तेवढ्यात, अगदी शेवटी, तो चार ओळींपुरता येतो. पुन्हा तसाच, ठेक्याच्या किंचित मागे.